हौद्याखालची नळी

पंपावर त्या परक्या माणसानं टाकी काठोकाठ भरली आणि नेल्डाला नको म्हणायला जमलं नाही.

ती कॉफी आणायला आत गेली होती. बाहेर आली तर एक पिकल्या मिशांचा माणूस त्यांच्या पिकअपच्या टाकीत पंपाचा नळ घालून उभा. नेब्रास्काहून गवताच्या गाठी घेऊन आलेला. गाडीच्या काचेतून त्याला तिच्या नवऱ्याचे, व्हर्लनचे, हात दिसले असणार. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले आणि मांडीवर उताणे ठेवलेले. कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू धरून बसावं तसा व्हर्लन बसला होता.

"अर्धीच पुरे," नेल्डा म्हणाली.

"असू द्या, मॅम. एवढं तरी करू द्या."

"नाही, म्हणजे ती नळी आहे ना..."

तेवढ्यात पंप खट्‌कन थांबला. माणसानं टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं, वरून हलकेच थोपटलं आणि टोपीला हात लावला. त्याचे डोळे भरून आले होते. आगीनंतर आमच्याकडे आलेल्या परक्या माणसांचे डोळे असे लगेच भरून यायचे. आमच्यातल्या कुणाचे येत नव्हते.

"आभारी आहे," नेल्डा म्हणाली आणि गाडीत बसली.

"त्याला सांगायचं ना," तिनं गाडी सुरू करता करता म्हटलं.

व्हर्लन खिडकीबाहेर बघत होता. "काय सांगायचं?"

ते खरंच होतं. काय सांगणार? ही गाडी व्हर्लनच्या बापाची, म्हाताऱ्या ऑरिन टीगची. टाकी अर्ध्याच्या वर भरली की भरायच्या नळीतून पेट्रोल झिरपायचं, म्हणून घरातले कित्येक वर्षं अर्धीच भरत आले होते. चांगली गाडी शेडमध्ये होती. शेडबरोबर तीही जळली. ही घराच्या मागं, चिंचोळ्या जागेत, कुणाच्या ध्यानातही न येता उभी होती, म्हणून वाचली.

जत्रेच्या मैदानावर गाठींचे ट्रक लागले होते. टेक्सासच्या या उत्तर टोकाला मार्चमध्ये वारा सुटला की माणसं सवयीनं आभाळाच्या कडेला धूर बघतात. त्या वर्षी धूर दिसला तेव्हा आग कुंपणाशी येऊन पोचली होती. आता सगळ्या तालुक्याची कुरणं काळी होती आणि जगली वाचली जनावरं घराजवळच्या वाड्यांत भुकेली उभी होती. कुठकुठल्या राज्यांतून लोक गवत पाठवत होते. मैदानापासून रस्त्यापर्यंत पिकअपांची आणि मागच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती.

रांग पुढं सरकत होती. नेल्डानं इंजिन बंद केलं, चालू केलं, बंद केलं. खड्डा आला की टाकीतलं पेट्रोल डचमळलेलं तिला बुडाखाली जाणवायचं. वास गाडीत भरला होता, पण त्या वासाची त्यांना सवय होती.

रॉईस केट्लर रांगेच्या कडेनं चालत येत होता. गावच्या आगविझव्या पथकातला माणूस, त्यांच्यापेक्षा वयानं लहान. आगीच्या दिवशी त्यानंच म्हाताऱ्या ऑरिनला उचलून बाहेर काढलं होतं. तो त्यांच्या गाडीवरून पुढं गेला, थांबला आणि मागं आला.

"मिस नेल्डा, जरा बंद करता का इंजिन?"

तिनं केलं. तो खाली उकिडवा बसला. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला, बोटं नाकाशी नेली. जमिनीवर, ट्रॉलीच्या आकड्यापासून मागं लांबवर, थेंबांची ओळ होती.

"गळतेय."

"थोडीशीच गळते. टाकी भरलीय म्हणून. एरवी नाही."

"सगळी चासी भिजलीय हो." तो उठला. त्यानं ट्रककडं, गाठींच्या ढिगाकडं, मग व्हर्लनकडं बघितलं. "ही गाडी इथं उभी नाही राहू देता येणार मला."

"आमचा नंबर आलाच आहे, रॉईस."

"सगळं वाळलेलं गवत आहे. एखाद्यानं सिगारेट जरी..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "लोकांना कसं वाटेल? तुम्हीच सांगा."

लोक बघतच होते. नेल्डाला मान वळवायची गरज नव्हती.

"काढते," ती म्हणाली.

मागच्या गाड्यांना सरकावं लागलं. ट्रॉली लावून मागं घ्यायचं काम कायम व्हर्लनचं. तिनं चाक फिरवलं तर ट्रॉली भलतीकडंच वळली. पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली. ट्रॉलीचं ढुंगण कुंपणाला जाऊन टेकलं. कुणीतरी हातानं डावीकडं डावीकडं म्हणून खुणा करत होतं. एक धट्टाकट्टा माणूस खिडकीशी आला. "मी काढून देऊ का, मॅम?"

"काढेल ती," व्हर्लन म्हणाला. सकाळपासून तो कुणा परक्याशी बोलला तो एवढंच.

शेवटी निघाली. रॉईस रस्त्यापर्यंत गाडीबरोबर चालत आला. "उद्या संध्याकाळपर्यंत आहेत गाठी. परवा आवरणार सगळं. नळी बदलून या, मी स्वतः भरून देतो. बाकी कुणाची गाडी मिळते का बघा हवं तर."

कुणाची मिळणार? ज्याची गाडी वाचली होती तो ती दिवसभर पळवतच होता.

रिकामी ट्रॉली घरापर्यंत खडखडत आली. दोन्ही बाजूंना काळं रान. कुंपणाचे लाकडी खांब जळून गेलेले आणि तारा नुसत्या जमिनीवर पडलेल्या. वाऱ्यानं राख उठायची आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या राखेत मिसळायची.

ऑरिन ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. ऐंशीच्या पुढचा, पाय थकलेले, पण तोंड शाबूत.

"रिकामेच?"

"परत पाठवलं, पॉप," नेल्डा म्हणाली.

"का?"

"तुमच्या नळीपायी."

"माझ्या नळीला काय झालं? चांगली आहे ती नळी."

"रेडिएटरची आहे. पाण्याची. पेट्रोलला पाण्याची नळी लावतं का कुणी?"

"गुरं वाहायची होती, दुकान बंद होतं, लावली. टिकली ना? माझ्या लग्नापेक्षा जास्त टिकली."

व्हर्लन पायऱ्यांवर उभा होता. एरवी अशा बोलण्यावर तो निदान नाकातून हसायचा. आत्ता तो वाड्याकडं बघत होता. वाचलेल्या गायी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणाच्या पाठीवरचे केस जळून कातडं गुलाबी पडलेलं, कुणाची आचळं खपली धरलेली. ट्रॉलीचा आवाज ऐकून आल्या होत्या. ट्रॉली रिकामी आहे हे त्यांना कळायला जरा वेळ लागला.

"दुपारपर्यंत जुनी काढू," नेल्डा म्हणाली. "दुकान बंद व्हायच्या आत फोन करू. तू सांग, मी करते."

"मागचा हौदा उचलावा लागेल."

"मग उचलू."

"बोल्ट गंजलेत. निघायचे नाहीत."

"सांग तर खरं."

व्हर्लननं खांदे उडवले. पण तो तिच्या मागोमाग गेला.

ट्रॉली सोडली. गाडी उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडाला आणि घरापासून लांब नेली. बॅटरीची तार काढली. हातपंपानं टाकीतलं पेट्रोल डब्यांत काढलं. त्या नेब्रास्कावाल्यानं प्रेमानं भरलेलं सगळं पेट्रोल डबा डबा करून तिनं कुंपणापलीकडं नेऊन ठेवलं. टाकीच्या झाकणाभोवतीचे तीन स्क्रू काढले. मग पाठीवर झोपून ती सरपटत खाली गेली.

खाली मातीची, गंजाची, पेट्रोलची कुबट सावली होती. चासीवर साचलेली राख तिच्या डोळ्यांत पडली. हौदा चासीला ज्या बोल्टांनी धरला होता त्यांची डोकी गंजून गोळ्यासारखी झाली होती. तिनं प्रत्येकावर गंज सोडवायचं तेल मारलं आणि थांबली.

"किती वेळ थांबू?"

"मी थांबायचो तेवढा." मग जरा वेळानं, "कॉफी पिण्याइतका."

कॉफी तिनं आणली. स्वतःचा कप जमिनीवर ठेवला, व्हर्लनचा त्याच्या तोंडाशी धरला. तो प्यायला. हनुवटीवर ओघळलं ते तिनं बाहीनं पुसलं. आगीच्या वेळी वाड्याचं लोखंडी फाटक लाल व्हायच्या बेतात असताना त्यानं त्याची साखळी दोन्ही हातांनी सोडवली होती, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. भरवणं, दाढी, बूट. साखळी सुटली म्हणून वाड्यातल्या गायी निघाल्या. रानात होत्या त्या निघाल्या नाहीत. त्यानंतर दोन दिवस तो त्याच हातांवर ओला टॉवेल गुंडाळून रायफल घेऊन रानात भाजून पडलेल्या गायी शोधत फिरत होता. ती मागं चालायची आणि काडतुसं पुढं करायची. दोन दिवसांनी डॉक्टरकडं गेला तेव्हा टॉवेल कातडीला चिकटला होता. डॉक्टर त्याला खूप बोलला.

पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला तिनं पाना लावला आणि दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढलं.

"उलटा फिरवतेयस," व्हर्लन म्हणाला.

"खालून बघतेय मी. तुला वरून उलटा दिसतोय."

"मी पण खालूनच फिरवायचो."

"मग ये खाली."

ती पाना ओढत राहिली. कट्‌ असा आवाज झाला आणि तिच्या बोटांची सालटं निघाली. बोल्टचं डोकं तुटून मातीत पडलं होतं.

"तुटला का?"

"तुटला."

"असू दे. बाकीचे धरतील."

तिनं बोटं तोंडात धरली. गंजाची आणि रक्ताची चव सारखीच लागली.

मग व्हर्लन गाडीभोवती एक चक्कर मारून आला. पुन्हा मारली. तिला त्याचे बूट तेवढे दिसत होते.

"काय झालं?"

"जायचंय."

ती बाहेर आली. त्याच्या जीन्सची बटणं सोडायला हात पुढं केला.

"हात पूस आधी," तो म्हणाला. "पेट्रोल आहे."

तिनं हात मांडीला पुसले, पुन्हा पुसले, वास घेतला. मग बटणं सोडली. तो गाडीआड पाठमोरा उभा राहिला. ती दुसरीकडं बघत राहिली आणि झाल्यावर बटणं लावली. दोघंही हसले नाहीत. वर्षभरापूर्वी यावर दोघं दिवसभर हसले असते.

एका बाजूचे बोल्ट पुरते काढून आणि दुसऱ्या बाजूचे ढिले करून तिनं हौद्याच्या कडेखाली जॅक लावला. हौदा कुरकुरत हात दीड हात उचलला गेला. खाली लाकडाचा जाड ठोकळा सरकवला. आता नळी दिसली. एक जाड आणि तिच्याशेजारी हवेची बारकी. जाड नळी फुगली होती, वरून ठिकठिकाणी तडे होते. खालच्या टोकाशी क्लिप इतकी रुतली होती की रबर तिच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं.

"क्लिप निघायची नाही. नळीच काप," व्हर्लन म्हणाला. "चाकू माझ्या खिशात आहे. उजव्या."

तिनं त्याच्या खिशातून चाकू काढला. नळी कापायला जोर लावावाच लागला नाही. शिजलेल्या मांसात जावं तसं पातं आत गेलं. तुकडा सुटून तिच्या हातात आला, लिबलिबीत, आतून चिकट. ती तो हातात धरून जरा वेळ तशीच बसून राहिली.

"टाकीच्या तोंडात फडकं कोंब," व्हर्लन म्हणाला. "नेल्डा. फडकं."

"हो."

तिनं दोरी लावून लांबी घेतली, टाकीच्या तोंडाची जाडी घेतली आणि दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, तयार वळणाची नळी आता त्या गाडीला येत नाही, मोठ्या नळीतून तोडून देतो.

"पेट्रोलचीच द्या," ती म्हणाली. "पाण्याची नको."

"पाण्याची कुणी लावली होती?"

"सासऱ्यांनी."

दुकानदार खदखदून हसला. मग आपण कुणाशी बोलतोय हे ध्यानात आलं असावं. हसू मध्येच तोडून तो म्हणाला, "सॉरी, मॅम. सकाळी ट्वायलाबरोबर पाठवतो."

ट्वायला आमच्या भागात टपाल वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी फाटकाशी आली तेव्हा जाड नळी तिच्या खांद्यावर होती आणि हातात ॲल्युमिनियमच्या कागदानं झाकलेली थाळी.

"हे घ्या तुमचं गाठोडं," ती ओसरीवरच्या ऑरिनला म्हणाली. "आणि ही चिकन आणि भाताची थाळी. लोक म्हणतात, आयुष्यभराच्या कंजुषीनं अखेर तुम्हाला रांगेतून काढलं."

"लोक म्हणतात, की तू म्हणतेस?"

"मी लोकांच्या आधी म्हणते."

"त्या नळीनं तुझ्या नवऱ्याला एकदा घरी पोचवलंय. प्यायला होता. आठवतं?"

"आठवतं. परत न्या म्हटलं होतं मी."

ऑरिन हसला आणि हसता हसता खोकत राहिला. ट्वायलानं नेल्डाकडं बघितलं. तिच्या खरचटलेल्या बोटांकडं, राखेनं भरलेल्या केसांकडं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. नेल्डा म्हणाली, "थाळी आत ठेवते. भांडं नंतर पोचवीन." ट्वायला निघून गेली.

नवी नळी ताठ होती. चाकूनं कापताना जोर लागला. नेल्डानं टाकीच्या तोंडावरचा गंज पॉलिश कागदानं घासून काढला, फडक्यानं पुसलं आणि साबणाचं पाणी लावून नळी चढवायला घेतली.

"मध्ये झोळ ठेवू नको," व्हर्लन म्हणाला. "झोळ राहिला तर तिथं पेट्रोल साचून राहतं."

"बघ बरं."

तो वाकला. "अजून आत जाऊ दे. हं. फिरवत फिरवत ढकल."

नळी टाकीवर चढली. तिनं क्लिपा नळीवरून सरकवल्या. मग बारकी नळी घातली. तेवढ्यात व्हर्लन सरळ उभा राहिला आणि वाड्याकडं चालू लागला. ती एकटीच आवळत राहिली. बराच वेळ तो आला नाही. मग बूट आले आणि गाडीशेजारी थांबले.

"एक बसलीय," तो म्हणाला.

"उठवू?"

"उठायची नाही. मागच्या पायाचा खूर सुटलाय. पुरता."

गुरांचा डॉक्टर म्हणालाच होता. पायांचं आत्ता कळायचं नाही, जमीन तापलेली होती, दोन आठवड्यांनी दिसेल. नेल्डा पाठीवर पडून त्या क्लिपेकडं बघत राहिली. वरून उजेडाची तिरीप येत होती आणि तिच्यात राख तरंगत होती.

व्हर्लननं काही मागितलं नाही. त्याचे बूट हलले नाहीत.

"ही क्लिप आवळून येते," ती म्हणाली.

तिनं क्लिप आवळली. पेचकस मातीत ठेवला. बाहेर आली, घरात जाऊन हात धुतले आणि दारामागची रायफल घेतली. ऑरिन जेवणाच्या टेबलाशी बसला होता. तो टेबलाला धरून उठायला लागला.

"बसा, पॉप."

"माझा नेम अजून..."

"बसा."

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि खाली बसला.

गाय वाड्याच्या लांबच्या कोपऱ्यात बसली होती. लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची, आमच्याकडं सगळ्यांच्या असतात तशीच. बाकीच्या तिच्यापासून दूर सरकल्या होत्या. मागचा एक पाय तिनं बाजूला पसरला होता आणि खूर होता तिथं ओलं लाल काहीतरी होतं. माश्या बसल्या होत्या. नेल्डा जवळ गेली तसं गाईनं मान वर केली. तिला वाटलं असेल, गवत आलं.

"पुढून ये," व्हर्लन म्हणाला. "अशी. डोळ्यांच्या मध्ये नाही. जरा वर."

"इथं?"

"अजून जरा. हं. नळी तिच्या मानेच्या रेघेत ठेव. खांद्याला घट्ट लाव, नाहीतर धक्क्यानं लागेल."

बोल्ट कसा फिरवायचा हे सांगतानाचाच त्याचा आवाज होता. नेल्डानं श्वास सोडला आणि चाप ओढला.

गाईची मान खाली गेली. पाय थोडे हलले. बाकीची गुरं कुंपणाशी दाटली आणि मग स्वस्थ झाली. आवाज सपाट रानावरून लांब गेला आणि कशावरच आदळला नाही.

व्हर्लननं पायानं काडतुसाची रिकामी पुंगळी मातीत दाबली. "लागलं का खांद्याला?"

"नाही."

ते थोडा वेळ उभे राहिले. काही वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. ते कुठं शोधायचं, ते कळत नव्हतं.

"वरच्या क्लिपा राहिल्यात," ती म्हणाली.

"हो."

रायफल दारामागं ठेवून ती परत गाडीखाली गेली. वरचं टोक बसवलं, क्लिपा आवळल्या आणि प्रत्येक पुन्हा एकदा तपासली. ठोकळा काढून हौदा खाली सोडला. बोल्ट घातले. एक जागा रिकामी राहिली. झाकणाभोवतीचे तीन स्क्रू बसवले. कालचे डबे आणून पेट्रोल टाकीत ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. मग बॅटरीची तार जोडली आणि दोघं गाडीच्या कडेला गुडघे टेकून खाली बघत राहिले.

"हात फिरव," तो म्हणाला.

तिनं नळीवर खालून हात फिरवला आणि तळवा त्याच्यासमोर धरला. कोरडा होता. त्यानं वाकून तळव्याचा वास घेतला. त्याचा श्वास तिच्या हाताला लागला.

"बरोबर," तो म्हणाला.

मैदानावर रांग आज छोटी होती. रॉईसनं त्यांना दुरूनच बघितलं. तो येऊन उकिडवा बसला, आत हात घातला, खूप वेळ चाचपलं आणि बोटांचा वास घेतला.

"कुणी बसवली?"

"तिनं," व्हर्लन म्हणाला.

रॉईसनं मान डोलावली. "पुढं घ्या." मग ट्रकवर चढायच्या आधी वळून विचारलं, "किती जनावरं राहिलीत आता?"

नेल्डानं आकडा सांगायला तोंड उघडलं आणि थांबली.

"काल होती त्यापेक्षा एक कमी," ती म्हणाली.

हातमोजे चढवून रॉईस स्वतः गाठी टाकू लागला. चौकोनी गाठी, आमच्याकडच्यापेक्षा हिरव्या, सुतळीनं बांधलेल्या. ट्रॉली भरली तरी तो थांबला नाही. हौद्यातही रचल्या. मागचा माणूस नुसता बघत होता.

घरी आले तेव्हा ऊन कललं होतं. मेलेली गाय कोपऱ्यात तशीच होती. ओढून न्यायला शेजारचा ट्रॅक्टर सकाळी येणार होता. नेल्डानं गाडी वाड्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. हौद्यावर चढून पहिली गाठ उचलली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. उजव्या खांद्यात कळ गेली होती.

"लागलंच होतं तर," व्हर्लन खालून म्हणाला.

"जरासं."

तिनं गाठ डाव्या हातानं ओढली. अर्धी कडेवर आली आणि अडकली. व्हर्लन चाकावर पाय ठेवून, कोपरानं कड धरत, कसाबसा वर चढला.

"काय करतोयस? डॉक्टरनं सांगितलंय ना?"

"हं."

तो गुडघ्यांवर बसला. हात वर धरून त्यानं कोपरं गाठीला लावली आणि छातीनं ढकललं. गाठ कडेवरून घसरली आणि खाली पडून फुटली. मग दुसरी. पट्ट्यांना गवताच्या काड्या चिकटल्या, एक टोक सुटून वाऱ्यावर उडायला लागलं. नेल्डा सुतळ्या कापत गेली आणि तो ढकलत गेला. दर गाठीला तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. शिव्या असतील किंवा मोजत असेल.

गायी आधी आल्याच नाहीत. ते परक्या रानातलं गवत त्यांनी लांबून हुंगलं. मग एकीनं तोंड घातलं. मग सगळ्या आल्या, कोपऱ्यातल्या गाईकडं पाठ करून, अंगाला अंग लावून. नुसता चघळण्याचा आवाज. ऑरिन ओसरीवरून काहीतरी ओरडला. वाऱ्यानं ते इकडं पोचलं नाही.

हौदा रिकामा झाल्यावर नेल्डा गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवायला हात नेला आणि थांबली. गाडीत वास होता. पेट्रोलचा नाही. तो गेला होता. हा दुसराच होता, गादीत, छताच्या कापडात, तिच्या कोटात मुरलेला. जळलेल्या केसांचा, कातडीचा. तिनं काच खाली केली. वास बाहेरही होता. तिनं काच वर केली.

व्हर्लन पलीकडून आला. दार उघडायला ती वाकली. तो बसला आणि हात मांडीवर उताणे ठेवले. ते आता मळले होते.

"वास येतोय," ती म्हणाली.

"नळीचा?"

"नाही."

तो समोरच्या काचेतून गायींकडं बघत होता.

"हां, तो," व्हर्लन म्हणाला. "मला तर रोजच येत होता."